चौदावा मुद्दा

अभ्यासाच्या वहीत मी पेन्सिल वापरत नाही. पुसलेलं काय होतं ते नंतर कळत नाही, म्हणून. एखादी ओळ काढायची झाली तर पट्टी ठेवून एकच आडवी रेघ मारते. खालचं वाचता येतं. या सवयीमुळेच मला माझी चूक नेमकी सापडली. नाहीतर ती झाली हेही मला कळलं नसतं आणि मी आजपर्यंत कारखान्याच्या चीफ केमिस्टसाहेबांना दोष देत बसले असते.

चूक माझी आणि नुकसान दाजींचं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात ते तीस वर्षं पॅनमन होते. उसाच्या रसाचा पाक एका मोठ्या बंद भांड्यात, आतली हवा ओढून घेऊन, बेतानं शिजवतात. तिथंच साखरेचा दाणा धरतो आणि वाढतो. ते भांडं म्हणजे पॅन, आणि दाणा नीट चाललाय की बिघडतोय हे बघणारा पॅनमन. ते निवृत्त झाले त्यानंतरही दोन हंगाम कारखान्यानं त्यांना बोलावून घेतलं होतं. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटवायचा कार्यक्रम असतो. त्याच्या आठवडाभर आधी कारखान्याचा माणूस वडवणी रस्त्यावरच्या त्यांच्या घरी निरोप घेऊन यायचा, आणि अक्का खाकी शर्ट धुवायला काढायची. दाजींचं वर्ष त्या पाच महिन्यांचंच होतं. उरलेले सात महिने ते बस चुकलेल्या माणसासारखे अंगणात उभे असत. बोलावणं येईल की नाही, एवढीच काळजी त्यांना उन्हाळ्यापासून असायची.

मी तालुक्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. तिसऱ्या वर्षाच्या हजेरीपटावर त्या साली अकरा नावं होती. दिवाळीनंतर त्यातली तीन-चार आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, म्हणून अवघड भाग मी पहिल्या सत्रात उरकून घेते. अवघड भाग म्हणजे ग्रीक तत्त्वमीमांसा.

त्यातल्या एका जुन्या तत्त्वज्ञानं, असणं म्हणजे काय याचा शोध सुरू करताना, आधी ज्ञानाच्या पायऱ्या मांडल्या आहेत. इंद्रियांना कळतं ती पहिली. ते ध्यानात राहतं ती दुसरी. एकाच गोष्टीच्या पुष्कळ आठवणी मिळून अनुभव तयार होतो, ती तिसरी. आणि त्याच्या वर कारण जाणणारं ज्ञान. ताप आलेल्या एकाला हे औषध लागू पडलं, दुसऱ्यालाही पडलं, एवढं ठाऊक असणं हा अनुभव. अशा प्रकृतीच्या सगळ्यांनाच ते लागू पडतं आणि कशामुळे, हे ठाऊक असणं ही वरची पायरी. प्रत्यक्ष कामात अनुभवी माणूसच पुष्कळदा सरस ठरतो, हे तो प्रामाणिकपणे कबूल करतो. तरी शहाणा कोणाला म्हणायचं, तर कारण जाणणाऱ्याला. कारण त्यालाच दुसऱ्याला शिकवता येतं. हातानं काम करणारे सवयीनं काम करतात, काय करतोय हे न जाणता करतात, जसा विस्तव जाळतो.

हे मी वीस वर्षं शिकवत होते. विस्तवाशी आले की फळ्यावर तो शब्द लिहायचे, खाली रेघ मारायचे आणि पुढच्या मुद्द्यावर जायचे.

त्या साली आमच्या कॉलेजात एक दिवसाचं चर्चासत्र ठरलं आणि मी निबंधाचा विषय दिला: ग्रीक विचारातला अनुभव आणि आजच्या तत्त्वज्ञानातला अनुभव. आजचे विचारवंत अनुभवाला नुसती मधली पायरी मानत नाहीत. काही म्हणतात, करता येणं हेच एक ज्ञान आहे, ते शब्दांत मावत नाही. काही म्हणतात, एखादी गोष्ट आतून कशी वाटते हे बाहेरच्या कितीही माहितीनं भरून निघत नाही. आपल्याकडेही वाद झाला आहे, की अनुभव एकानं घ्यायचा आणि त्याचा सिद्धांत दुसऱ्यानंच करायचा, हे बरोबर आहे का. मला या सगळ्यांना धरून ठेवणारं एक उदाहरण हवं होतं, इथलं, पुस्तकाबाहेरचं. मी यादी केली: गवंडी, सुईण, पाणाड्या, पॅनमन. पॅनमनपुढे बरोबरची खूण केली, कारण तो घरचा होता.

रविवारी मी वही घेऊन अक्काकडे गेले. दाजी पडवीत शेंगा फोडत बसले होते.

"काय म्याडम, आज वही घिऊन? जनगणना सुरू झाली का?"

"तुमचं काम समजून घ्यायचंय, दाजी. तुमच्यावर निबंध लिहिणार आहे."

"माज्यावर? आगं ए, ऐकलंस का? मी अजून मेलो न्हाई अन् तुजी बहीण निबंध लिव्हायली!"

अक्का आतूनच म्हणाली, "लिव्हू द्या. जित्तेपणी दुसरं कोण लिव्हनार हाय तुमच्यावर?"

मी प्रश्न आधीच काढून नेले होते. त्यांनी सगळं सांगितलं. दांडीनं नमुना कसा काढायचा, काचपट्टीवर कसा पसरायचा, दिव्यापुढे कसा धरायचा. पॅनचा आवाज बदलतो तो कधी. मी प्रत्येक गोष्टीला आकडा देत लिहीत गेले.

"पण दाणा बिघडतोय हे आधी कुठं कळतं?"

त्यांनी अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासून दाखवलं. "हितं."

"काय कळतं तिथं?"

"आता कसं सांगू? जल्मात गोड न खाल्लेल्या माणसाला तू गोड सांगशील का?"

हे मी मोठ्या आनंदानं लिहून घेतलं. नववा मुद्दा. आजच्या तत्त्वज्ञानातली अर्धी चर्चा त्यांनी शेंगा फोडता फोडता एका वाक्यात सांगितली होती.

तेरा मुद्दे झाल्यावर मी शेवटचा प्रश्न विचारला. पाक फार दाट झाला की पॅनमध्ये आपोआप बारीक, निरुपयोगी दाणे उठतात; तेव्हा दाजी आत थोडं पाणी देतात. "पाणी का देता?"

"कावून म्हंजी? न्हाई दिलं तर माल बिघडंल की."

"पण पाण्यानं तो सुधारतो कशामुळे?"

दाजींनी हातातली शेंग खाली ठेवली. "हे बघ. पंगतीला पन्नास माणूस बसलंय. अन् वाढपी शंभराचं वाढायला लागला. तर काय व्हतंय? रस्त्यानं जानारं बी येऊन बसतंय. तसं, जुन्या दान्याला जेवढं खाता येतंय त्याच्यापरीस पाकात साखर जास्ती झाली, की ती नवं दानं बसविती. ते आगंतुक. मंग पानी द्यायचं, म्हंजी वाढनं आखडतं घ्यायचं. आगंतुकाचं बूड हलकं, ते आधी उठतंय. मूळचं पन्नास बसून ऱ्हातंय."

मला हसू फुटलं. अक्काही दारात येऊन हसली. "तीस वरीस पंगतीच वाढल्या म्हना की तुमी."

"मंग? अन् एकदा बी उपाशी कुनी उठलं न्हाई."

मी चौदावा मुद्दा लिहिला आणि वही मिटली.

सोमवारी मोकळ्या तासाला मी निबंध बांधायला घेतला. सगळं जागेवर बसत होतं, चौदावा मुद्दा सोडून. माझ्या निबंधात दाजी तिसऱ्या पायरीवर उभे होते. अनुभव आहे, कारण ठाऊक नाही; आणि आजचे विचारवंत येऊन सांगणार की तिसरी पायरीही मोलाची आहे. पण ज्याला कारण ठाऊक आहे तो तिसऱ्या पायरीवर उभा कसा राहील? मी पट्टी ठेवली आणि रेघ मारली. समासात लिहिलं: उपमा आहे, कारण नाही.

रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याला विचारायला मला दोन मिनिटं लागली असती. त्यांची खोली माझ्या खोलीला लागून आहे. मी विचारलं नाही. निबंध शुक्रवारी द्यायचा होता, ही सबब मी तेव्हा स्वतःला दिली. खरं म्हणजे उत्तर काय येईल याचा मला अंदाज होता.

चर्चासत्राला जेवण कारखान्याकडून होतं, म्हणून त्यांचे चीफ केमिस्टसाहेब प्रमुख पाहुणे होते. दाजी येतील असं मला वाटलं नव्हतं. ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, शेजारी अक्का ठेवणीतल्या साडीत, शेवटून दुसऱ्या रांगेत. मी निबंध वाचला. काचपट्टी, दिवा, आवाज, अंगठा, गोड, सगळं वाचलं. मग सवय, मग विस्तव. जाणत्याची खूण म्हणजे शिकवता येणं, हेही वाचलं. शेवटच्या पानावर आणखी एक मुद्दा होता, आजचाच: बोलणारा कोण आहे ते बघून त्याचं म्हणणं ज्ञान म्हणून न मोजणं, हाही एक अन्याय आहे. तो मी आवाज थोडा चढवून वाचला. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

साहेब बोलायला उठले. "म्याडमनी आमच्याच मनातलं सांगितलं. आमच्याकडे असे विस्तव पुष्कळ आहेत. जाळतात झकास! विचारलं तर सांगता मात्र काही येत नाही." सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. दाजीही हसले, आणि सगळ्यांच्या थांबल्यावर त्यांची टाळी एकटीच थोडा वेळ वाजत राहिली.

जेवणाच्या रांगेत अक्कानं मला गाठलं. "विस्तू म्हनलीस व्हय त्यांना?"

"अगं, ते मी नाही, ग्रीक तत्त्वज्ञ म्हणतो. मी तर पुढं त्याचं खंडन—"

दाजींनीच मध्ये तोंड घातलं. "म्हनू दे की. विस्तू नसला तर च्या तरी व्हतो का?"

त्यांनी ताटात दोनदा जिलेबी घेतली. मी ते बघितलं आणि निश्चिंत झाले.

त्या वर्षी कारखान्यानं पॅनवर नवी मोजयंत्रं बसवली होती. जुन्या निवृत्त माणसांपैकी एकालाच हंगामाला बोलवायचं ठरलं, तेही नव्या लोकांना शिकवता येईल अशाला. साहेबांनी दाजींसकट तिघांना कारखान्यावर बोलावलं आणि एकेकाला प्रश्न विचारले. दाजींना हंगामाचं बोलावणं आलं नाही. बॉयलर पेटला, उसाची पहिली मोळी पडली, गाळप सुरू झालं. अक्काचा फोन आला तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "शर्ट धुऊन ठिवला व्हता मी."

मी अभ्यासाची वही उघडली ती साहेबांना दाखवायला काहीतरी मिळेल म्हणून. चौदाव्या मुद्द्यावर आले. रेघेखालचं सगळं स्वच्छ वाचता येत होतं. समासातलं माझं अक्षरही. या वेळी मी शेजारच्या खोलीत गेले आणि सहकाऱ्याला ते वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला. "हे कोण म्हणालं? अगदी बरोबर आहे. आमच्या पुस्तकात यालाच दोन पानं लागतात."

मग मी करायच्या गोष्टींची यादी केली. एक, साहेबांना भेटणे. दोन, कॉलेजच्या अंकात निबंध छापायला गेलाय तो परत मागवून दुरुस्त करणे. तीन, दाजींना सांगणे. क्रम बघा, सोपं ते वर.

साहेब सभ्यपणे बोलले. मी त्यांना पंगत वाचून दाखवली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्याडम, मी त्यांना नेमकं हेच विचारलं होतं. पाणी कशासाठी देता? हे उत्तर दिलं असतं तर मी दुसऱ्या कोणाला कशाला घेतलं असतं?"

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, सवयीनं देतो."

"एवढंच?"

"एवढंच. तुमच्या निबंधात होतं तसंच." त्यांनी ते टोचून म्हटलं नाही. माणूस नेमून झाला होता. पुढच्या हंगामाचं पुढं बघू, असं ते म्हणाले. संपादकांना मी त्याच दिवशी चिठ्ठी दिली.

तिसऱ्या कामाला मी आठ दिवस लावले. गेले तेव्हा दुपार होती. दाजी अंगणात बाजेवर बसले होते, अंगात तोच खाकी शर्ट. आता घरीच वापरायला काढलेला.

"या म्याडम. आज वही कुठाय?"

वही पिशवीत होती. मी विचारलं, "दाजी, साहेबांनी विचारलं तेव्हा तुम्ही पंगतीचं का नाही सांगितलं?"

ते पायानं मातीत रेघ ओढत होते. "तोंडावर आलतं की."

"मग?"

"तुज्या कागदात न्हवतं ना ते." ते अगदी सहज बोलत होते. "मी त्या दिशी ध्यान दिऊन ऐकायलो व्हतो. बाकी समदं जसंच्या तसं घेतलतंस तू. गोडाचं बी घेतलतंस. पंगत तेवढी न्हाई. तवाच म्हनलं, हे चुकीचं आसंल. इतके दिस आपन उगंच धरून बसलतो. तू शिकलेली, धा पुस्तकं बघून लिव्हनार. तू गाळलं म्हंजी त्यात काईतरी आसंलच. मंग साहेबाम्होरं तेच सांगून तुजी अन् माजी शोभा कावून करायची? सवयीनं म्हनलं. ते तर तू वाचलंच व्हतंस."

वाटेत मी काय काय बोलायचं ते मनात क्रमानं लावलं होतं. ते बाजूला ठेवून मी सरळ सांगितलं.

"दाजी, ते चुकीचं नव्हतं. बरोबर होतं. मी विचारून आलेय. मी ते काढलं, कारण ते ठेवलं असतं तर माझा निबंध उभा राहिला नसता."

शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलंच नाही. त्यांचा चेहरा 'बरोबर होतं' यावरच थांबला होता.

"बरोबर व्हतं?"

"हो."

"पंगतीचं?"

"पुस्तकात तसंच आहे, दाजी. फक्त पंगत नाही."

ते बाजेवरून उठले. "आगं ए! भाईर ये. बरोबर व्हतं म्हने ते! पुस्तकात हाय!" वर्गात पहिला आल्यासारखा त्यांचा आवाज होता. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या खाली मान घालून घेतल्या असत्या. या आनंदाचं काय करायचं ते मला कळेना.

अक्का पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. तिला ते शेवटचं वाक्यही ऐकू गेलं होतं.

"मंग आता?" ती म्हणाली.

मी साहेबांचं सांगितलं, अंकाचं सांगितलं. ती ऐकून घेऊन आत गेली आणि चहा टाकला. मला साखर किती, हे तिनं विचारलं नाही. एरवी विचारल्याशिवाय ती माझा चहा कधी टाकत नाही.

दाजी मात्र तिच्यामागं जाऊन डब्यातून चिमूटभर साखर घेऊन आले. यंदाचीच, सभासदांना मिळते ती. "वही काढ," म्हणाले. मी काढली. तिचं पुठ्ठ्याचं काळं कव्हर त्यांनी गुडघ्यावर आडवं धरलं, त्यावर साखर पसरली आणि बोटानं एकेक दाणा बाजूला करायला लागले.

"हे बघ, हे मूळचं. हे बी मूळचं. अन् ही बारीक भुकटी हाय का न्हाई, ही आगंतुक. अमळ जास्तीच बसल्यात यंदा." त्यात राग नव्हता. पोर कसं शिकेल, एवढीच काळजी होती.

मी वाकून बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं. मला सगळी साखर सारखी दिसत होती.

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला, दुपारच्या पाळीचा. दाजींचं बोट कव्हरावर थांबलं. भोंगा संपेपर्यंत ते तसेच राहिले, मग पुन्हा दाणे सारायला लागले.

"दिसंना व्हय?" ते म्हणाले. "दिसंल. दोन हंगाम हाताखाली काढावं लागत्यात."

मी हो म्हटलं आणि तसंच वाकून बघत राहिले.